कान आधीं, डोळे मागून

शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या विषयांत ध्वनि हा विषय एका अर्थानें सर्वांत सोपा आणि दुसऱ्या अर्थानें सर्वांत अवघड आहे. सोपा अशासाठीं कीं, त्याचें उदाहरण शोधावयास कोठें जावें लागत नाहीं. प्रकाशाचा धडा शिकवावयाचा तर भिंगें हवींत, विजेचा शिकवावयाचा तर घट आणि तारा हव्यात. परंतु ध्वनीच्या धड्यांत शिक्षकानें तोंड उघडलें कीं प्रयोगाला आरंभ झाला. अवघड अशासाठीं कीं, ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती बोलतां बोलतां नाहींशी होते. फळ्यावर काढलेली आकृति पुसेपर्यंत टिकते. उच्चारलेला स्वर क्षणांत विरून जातो. त्याला धरून ठेवतां येत नाहीं, उलटून पाहतां येत नाहीं, आणि दोन स्वर शेजारीं शेजारीं मांडून त्यांची तुलनाहि करतां येत नाहीं.

म्हणूनच नादाला डोळ्यांसमोर आणण्याची धडपड फार जुनी आहे. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानें १७८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत एक साधा परंतु विलक्षण प्रयोग वर्णन केला. धातूच्या पातळ पत्र्यावर बारीक वाळू पसरावी आणि पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढावा. पत्रा गाऊं लागतो, वाळू नाचूं लागते, आणि जेथें पत्रा स्थिर राहतो तेथें ती रेषा करून बसते. स्वर बदलला कीं आकृति बदलते. १८०९ सालीं पॅरिस येथें नेपोलियननें हा प्रयोग पाहिला, आणि या आकृतींचें गणित मांडणारासाठीं पारितोषिक जाहीर झालें. १८१६ सालीं तें सोफी जर्मेन या गणिती स्त्रीनें मिळविलें. वाळूच्या चार रेषांनीं एका नव्या गणिताला जन्म दिला, तो असा.

पुढें १८५७ सालीं एदुआर-लेआँ स्कॉट द मार्टिनव्हील या पॅरिसच्या मुद्रकानें आवाज कागदावर लिहून घेण्याचें यंत्र केलें. एक पातळ पडदा, त्याला जोडलेला राठ केस, आणि समोर काजळी धरलेला कागद. पडदा थरथरला कीं केस काजळींत रेघ ओढी. तो आवाज पुन्हा ऐकावा हा त्याचा हेतूच नव्हता. तो वाचतां यावा, एवढीच त्याची इच्छा. एडिसनचा फोनोग्राफ आला तो त्यानंतर वीस वर्षांनीं, १८७७ सालीं. स्कॉटनें १८६० सालीं उमटविलेली एका फ्रेंच लोकगीताची रेघ २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं संगणकाच्या साहाय्यानें ऐकती केली. ऐकणारांना तो एखाद्या मुलीचा आवाज वाटला. परंतु पुढच्याच वर्षी उमगलें कीं, वेळ मोजण्यासाठीं शेजारीं घेतलेल्या कंपनांच्या खुणेचा अर्थ चुकला होता आणि गाणें दुप्पट वेगानें वाजलें होतें. वेग निम्मा करतांच तो पुरुषाचा आवाज ठरला. बहुधा खुद्द स्कॉटचाच!

ही हकीकत ध्वनि शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चित्र खरें होतें. काजळीवरच्या रेघेंत कसलीहि चूक नव्हती. चुकलें तें वाचन. नादाचें चित्र हातीं आलें म्हणजे नादाचें ज्ञान झालें असें नव्हे.

आज या गोष्टीला विशेष महत्त्व आलें आहे, कारण नादाचीं चित्रें आतां घरोघरीं पोंचलीं आहेत. आवाज नोंदवून त्याची रेघ दाखविणारा ‘ऑडॅसिटी’ हा कार्यक्रम २००० सालापासून कोणालाहि विनामूल्य मिळतो. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत २००२ सालीं सुरू झालेल्या ‘फेट’ या उपक्रमानें हवेच्या कणांची हालचाल दाखविणारीं, विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानें बदलतां येणारीं चित्रें केलीं आहेत. जर्मनींतील आखेन येथील तंत्रविद्यापीठानें २०१६ सालीं ‘फायफॉक्स’ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. त्याच्या योगानें खिशांतला मोबाईल हीच एक छोटी प्रयोगशाळा होते. पूर्वी ज्या उपकरणासाठीं महाविद्यालयाला वर्षानुवर्षें अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागे, तें आज दहावीच्या मुलाच्या दप्तरांत असतें. ही संपत्ति लहान नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती खर्चावी कशी?

एक साधी परीक्षा कोणत्याहि वर्गांत घेऊन पाहावी. मुलांना सांगावें, “मैदानाच्या एका टोकाला शिट्टी वाजली; ती दुसऱ्या टोकाला कशी पोंचली, तें वहींत काढा.” बहुतेक वह्यांत एक नागमोडी रेघ उमटेल. मग विचारावें, “दाराला उभी फट आहे, आवाज आंत येईल का?” मुलें म्हणतील, “येईल.” “आणि फट आडवी असली तर?” येथें वर्ग घोंटाळतो. आवाज सापासारखा वर-खालीं होत पुढें जात असेल, तर आडव्या फटींत त्यानें अडकावयास हवें. परंतु रोजचा अनुभव सांगतो कीं, तो दोन्ही फटींतून सारखाच येतो. म्हणजे वहींतली रेघ आणि कानाचा अनुभव यांचें जुळत नाहीं.

ही चूक मुलांच्या आळसामुळें होत नाहीं. चित्रें पाहूनच होते. पडद्यावर आवाजाची रेघ वर-खालीं होतांना दिसते, आणि हवाहि तशीच वर-खालीं होते असें मूल समजतें. वस्तुतः ती रेघ म्हणजे एक आलेख आहे. आडव्या दिशेला काळ आणि उभ्या दिशेला हवेच्या दाबांतला फरक, असा तो हिशेब आहे. आजाऱ्याच्या तापाचा तक्ता वर चढतो म्हणून आजारी मनुष्य कांहीं खाटेवरून वर उचलला जात नाहीं! हवेंतला ध्वनि हा अनुतरंग आहे. हवेचे कण ज्या दिशेनें ध्वनि चालला त्याच दिशेनें पुढें-मागें झुलतात, कोठें दाटी होते, कोठें विरळी होते, आणि ती दाटी-विरळी पुढें सरकते. फरकहि किती सूक्ष्म! साध्या संभाषणाच्या वेळीं हवेचा दाब त्याच्या नेहमींच्या मानाच्या सुमारें पन्नास लाखांत एक भाग एवढाच कमी-जास्त होतो. पडद्यावर दिसणारे ते डोंगर-दऱ्यांसारखे चढउतार इतक्या नाजूक हालचालीचे आहेत, हें मुलांना सांगितल्याशिवाय कळावें तरी कसें?

तेव्हां दृक्-श्राव्य साधनांचा पहिला नियम हा कीं, त्यांना क्रम असावा. आरंभ कानापासून आणि हातापासून व्हावा. गळ्यावर बोटें ठेवून ‘आ’ म्हणावें आणि थरथर अनुभवावी. वाजविलेला नादकांटा पाण्याला टेकवावा आणि उडणारे तुषार पाहावेत. त्यानंतर टेबलावर तारेची लांब, सैल स्प्रिंग ताणून तिच्या एका टोकाला पुढें-मागें धक्का द्यावा. दाटी सरकत जातांना दिसते. मग पडद्यावरचें कणांचें चित्र दाखवावें, आणि तेंहि नुसतें दाखवूं नये; एखाद्या मुलाला पुढें बोलावून एकाच कणावर बोट ठेवावयास सांगावें. थोड्या वेळानें तें मूल आश्चर्यानें म्हणेल, “सर, हा कण तर कोठेंच गेला नाहीं!” ध्वनि गेला, हवा गेली नाहीं, हें त्याला आतां कोणी वेगळें शिकवावें लागत नाहीं. सर्वांत शेवटीं आलेखाची रेघ यावी. या क्रमानें आलेली रेघ हिशेब म्हणून वाचली जाते. पहिल्याच तासाला आलेली रेघ साप होऊन बसते.

दुसरा नियम हा कीं, यंत्र लावण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें उत्तराचा अंदाज बांधावा. ध्वनीचा वेग मोजण्याचाच प्रयोग घ्या. दोन मोबाईल एकमेकांपासून १० मीटरांवर ठेवावे. प्रत्येकांत, एक टाळी ऐकली कीं सुरू होणारें आणि दुसरी ऐकली कीं थांबणारें घड्याळ असतें. पहिल्या मोबाईलजवळचा मुलगा टाळी वाजवितो. कांहीं वेळानें दुसऱ्या मोबाईलजवळची मुलगी टाळी वाजविते. पहिलें घड्याळ आपल्या शेजारच्या टाळीनें लगेच सुरू होतें, परंतु दूरची टाळी पोंचेपर्यंत चालू राहतें. दुसऱ्याचें याच्या उलट. तें उशिरां सुरू होतें आणि लगेच थांबतें. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे ध्वनीला जाण्यास आणि येण्यास, अर्थात् २० मीटर अंतरास, लागलेला वेळ. दोन टाळ्यांत किती वेळ गेला, याला कांहींच महत्त्व नाहीं. मुलीनें रेंगाळून टाळी वाजविली तरी उत्तर तेंच येतें.

प्रयोगाची ही युक्ति मुलांनीं आधीं कागदावर सोडवावी. ध्वनीचा वेग ० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारें ३३१ मीटर आणि पुढें प्रत्येक अंशास सुमारें ०.६ मीटरनें अधिक, हें पुस्तकांत दिलेलें असतें. म्हणजे ३० अंशांच्या दिवशीं तो ३४९ मीटरांच्या आसपास असावा, आणि फरक ०.०५७ सेकंदाच्या जवळपास यावा. हा आंकडा फळ्यावर लिहून मग टाळी वाजवावी. यंत्रानें ०.०५८ दाखविलें तर वर्ग आनंदानें ओरडतो, ०.०७ दाखविलें तर वर्ग कारणें शोधूं लागतो. वारा होता काय? अंतर नीट मोजलें काय? भिंतीवरून प्रतिध्वनि आला काय? दोन्ही वेळां शिक्षण होतें. अंदाजाशिवाय प्रयोग केला तर यंत्र एक आंकडा दाखवितें, मुलें तो उतरवून घेतात, आणि तास संपतो.

असाच एक प्रयोग नळीचा आहे. ५१२ कंपनांचा नादकांटा वाजवून पाण्यांत उभ्या धरलेल्या नळीच्या तोंडाशीं न्यावा आणि नळी हळूहळू वर घ्यावी. एका विशिष्ट लांबीला नळी एकदम घुमूं लागते. हिशेबानें ती लांबी १७ सेंटिमीटर यावी. ३ सेंटिमीटर रुंदीच्या नळीनें प्रत्यक्षांत ती १६ च्या जवळ येते. येथें चूक कोणाची? कोणाचीच नाहीं. नळीच्या तोंडाबाहेरची थोडीशी हवाहि आंतल्या हवेबरोबर कंप पावते, म्हणून नळी आहे त्याहून थोडी लांब असल्यासारखी वागते. पडद्यावरच्या तयार चित्रांत ही एका सेंटिमीटरची तफावत बहुधा दिसणार नाहीं, कारण चित्र करणारानें नळी आदर्श धरलेली असते. बादली, नळी आणि कान यांनीं ती दाखविली.

याचा अर्थ नवीं साधनें गौण आहेत असा मुळींच नव्हे. कानाला जें उमगतें पण सांगतां येत नाहीं, तें स्पष्ट करण्यांत त्यांची खरी थोरवी आहे. एकाच पट्टींत सूर धरून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ म्हणावें. सूर तोच, मग स्वर वेगळे कां ऐकूं येतात? आवाजांतले घटक निरनिराळे करून दाखविणारा पट पडद्यावर पाहिला कीं रहस्य उलगडतें. सूर २०० कंपनांचा असेल, तर २००, ४००, ६०० असे उपस्वर तिन्ही वेळां त्याच जागीं उभे असतात. बदलते ती त्यांची उंची. ‘आ’ म्हणतांना कांहीं उपस्वर उंच होतात, ‘ई’ म्हणतांना दुसरेच. कंठ सूर देतो आणि तोंडाची पोकळी त्यांतून निवड करते. हें वाक्य पुस्तकांत कोरडें वाटतें; स्वतःच्या आवाजाचा पट पाहतांना तेंच वाक्य मूल आपणहून बोलतें.

आपल्या देशाला तर या विषयांत अभिमानाची एक परंपरा आहे. नुसत्या ताणलेल्या गोल चामड्यावर थाप मारली तर त्यांतून निघणारे स्वर एकमेकांशीं जुळत नाहींत. मूळ स्वर १ धरला, तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे वेडेवांकडे येतात. म्हणून पुष्कळशा चर्मवाद्यांतून ठोका ऐकूं येतो, सूर ऐकूं येत नाहीं. तबला आणि मृदंग मात्र सुरांत बोलतात. असें कां व्हावें, याचा शोध चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं घेतला. १९२० सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह या विषयावर टिपण प्रसिद्ध केलें, आणि १९३४ सालीं विस्तृत निबंध लिहिला. पुडीवरच्या शाईचा थर मधोमध जाड व कडेकडे पातळ असतो. त्या भारामुळें चामड्याचीं निरनिराळीं कंपनें अशीं आवरलीं जातात कीं, पहिल्या नऊ कंपनप्रकारांतून १, २, ३, ४, ५ अशा सरळ प्रमाणांतले पांचच स्वर निघतात. आणि हें दाखविण्यासाठीं रामन यांनीं काय केलें? पुडीवर बारीक वाळू पसरली! क्लाड्नीची वाळू दीडशें वर्षांनीं मृदंगावर येऊन बसली.

हाच प्रयोग आज शाळेंतल्या मोबाईलवर करतां येतो. आधीं साध्या डफावर थाप मारावी, मग तबल्यावर, आणि दोहोंचे पट शेजारीं शेजारीं ठेवावेत. एकांत शिखरें विस्कळित दिसतील, दुसऱ्यांत पायऱ्या बांधल्यासारखीं. परंतु त्यापूर्वीं मुलांनीं डोळे मिटून दोन्ही वाद्यें ऐकावीं आणि कोणत्या वाद्याबरोबर ‘सा’ लावतां येतो, तें सांगावें. कानानें प्रश्न विचारावा आणि डोळ्यांनीं उत्तर शोधावें. ज्या कारागिरांनीं शाई घोटून घोटून बसविली, त्यांच्याजवळ पट दाखविणारें यंत्र नव्हतें, कान होता. कानानें गांठलेलें सत्य शास्त्रानें मागाहून मोजलें.

डोळा फसतो कसा, याचेंहि उदाहरण मोबाईलच देतो. सतारीच्या किंवा गिटारच्या तारांचें चलच्चित्र घेतलें, तर कधींकधीं तारा लाटांसारख्या वळवळतांना दिसतात. तार प्रत्यक्षांत तशी वाकत नाहीं. या कॅमेऱ्यांत बहुधा संपूर्ण चित्र एका क्षणीं उमटत नाहीं. एकामागून एक ओळ उमटते, आणि तेवढ्या वेळांत तार पुन्हा पुन्हा जागा बदलते. निरनिराळ्या क्षणांची तार एकाच चित्रांत शिवली जाते आणि तिचा साप होतो. ‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण या चित्राखालीं लिहून वर्गांत टांगावी! असें चित्र मुलांना अवश्य दाखवावें. मात्र तें पुरावा म्हणून नव्हे, तर कोडें म्हणून दाखवावें.

उलटपक्षीं, यंत्राला जें दिसत नाहीं तें कान ऐकतो, असेंहि घडतें. २०० कंपनांच्या सुराच्या नोंदींतून तें २०० चें शिखरच संगणकावर पुसून टाकावें. ४००, ६००, ८०० राहूं द्यावीं. पडद्यावर मूळ स्वर उरलेला नसतो. तरी पुन्हा ऐकल्यावर मुलें सांगतात कीं सूर तोच आहे, फक्त आवाज थोडा पातळ झाला. उरलेल्या उपस्वरांतलें अंतर ओळखून मूळ सूर आपली श्रवणशक्तिच भरून काढते. मोबाईलचा एवढासा कर्णा खर्जाचे स्वर नीट काढूं शकत नाहीं, तरी त्यावर वडील माणसाचा भारदस्त आवाज ओळखूं येतो, तो पुष्कळ अंशीं याच कारणानें. ध्वनि हवेंत असतो, परंतु सूर ऐकणारांत पुरा होतो, ही गोष्ट कोणतेंहि चित्र एकट्यानें शिकवूं शकणार नाहीं.

अनेक माध्यमांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सर्वांत मोलाचा म्हटला पाहिजे. ज्याला ऐकूं येत नाहीं अशा मुलाला ध्वनीच्या धड्याला केवळ पाहुणा म्हणून बसविण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. फुगविलेला फुगा दोन्ही हातांत धरून तो कर्ण्यासमोर बसला, कीं खर्जाचा स्वर त्याच्या तळहातांना कळतो; पडद्यावरचा पट त्याला स्वरांतला भेद दाखवितो. ज्याला दिसत नाहीं त्याच्यासाठीं आलेखाची उंची स्वराच्या उंचीनें सांगण्याची सोयहि आतां संगणकावर करतां येते. अशा मुलांसाठीं योजिलेलीं साधनें उरलेल्या वर्गालाहि उपकारक होतात. कारण बोटांनीं स्वर ओळखण्याचा अनुभव ऐकूं येणाऱ्या मुलांनाहि सहसा कोणी दिलेला नसतो.

आतां शेवटची गोष्ट. साधन महाग झालें म्हणजे शिक्षण उंचावलें, असा समज शाळांत आणि घरांतहि पसरूं पाहत आहे. मोठा पडदा लावला, तयार चित्रफीत दाखविली, मुलें शांत बसलीं, धडा संपला! परंतु मुलें शांत बसलीं, हीच त्या धड्याविषयीं काळजीची गोष्ट आहे. ध्वनीच्या तासाला वर्गांत आवाज झाला पाहिजे. मुलांनीं टाळ्या वाजविल्या पाहिजेत, सूर धरले पाहिजेत, अंदाज चुकले पाहिजेत आणि त्यावरून वाद झाले पाहिजेत. जी चित्रफीत थांबवितां येत नाहीं, जिला प्रश्न विचारतां येत नाहीं, आणि जिच्यांत मुलाचा स्वतःचा आवाज नाहीं, ती कितीहि सुंदर असली तरी करमणूकच होय.

घरच्या वडीलधाऱ्यांनाहि या कामीं पुष्कळ करतां येईल. सारख्या आकाराचे चार पेले घ्यावे, त्यांत कमी-अधिक पाणी भरावें, आणि चमच्यानें हळूच वाजवून कोणता उंच बोलेल, तें मुलाला आधीं विचारावें. मग त्याच पेल्यांच्या कांठावर भिजलेलें बोट फिरवावें. त्यानंतर रिकाम्या बाटल्यांत तसेंच पाणी भरून त्यांच्या तोंडावर फुंकर घालावी. पाणी वाढलें कीं पेल्याचा स्वर उतरतो, आणि बाटलीचा मात्र चढतो! असें उलट कां, हें मुलाला लगेच सांगूं नये. पेल्यांत कांच थरथरते आणि पाण्याचा भार तिला मंद करतो. बाटलींत हवा थरथरते आणि पाणी तिची जागा कमी करतें. एवढें त्यानें स्वतः शोधून काढलें, कीं मग खुशाल मोबाईल त्याच्या हातीं द्यावा आणि कंपनें मोजूं द्यावीं. त्या वेळीं पडद्यावर उमटणारा प्रत्येक आंकडा त्याच्या स्वतःच्या प्रश्नाचें उत्तर असेल, आणि असें उत्तर सहसा विसरलें जात नाहीं.